वाघोलीतील गाऱ्हाण्यांची भाषा : कर्ता, सर्वनाम व संबोध्य

१. विषयप्रवेश

एखाद्या वस्तीतील लोक रोज कशाविषयी बोलतात, हा प्रश्न समाजशास्त्राचा होय. ते कोणत्या वाक्यांत बोलतात, हा प्रश्न भाषाशास्त्राचा. हे दोन प्रश्न निराळे मानण्याची प्रथा असली, तरी नागरी जीवनातील गाऱ्हाण्यांचा विचार करताना त्यांची फारकत करता येत नाही. पाणी, रस्ता, कचरा, वाहतूक ह्यांविषयी माणूस जे बोलतो त्याच्या रचनेतच, दोष कोणाचा, दाद कोणाकडे मागावयाची आणि ‘आपले’ म्हणून कोणास धरावयाचे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे दडलेली असतात. प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या पूर्व टोकावरील वाघोली ह्या वस्तीच्या उदाहरणावरून ह्या गोष्टीचे विवेचन करावयाचे आहे.

वाघोलीची निवड करण्यास कारण आहे. थोड्या वर्षांत खेड्याचे शहर झाल्याची उदाहरणे पुण्याभोवती पुष्कळ सापडतील. परंतु ग्रामपंचायत संपली आणि महापालिकेत आपण निवडून दिलेला प्रतिनिधी मात्र साडेचार वर्षे आला नाही, अशा स्थितीतून ही वस्ती गेली. बोलणारा आहे, बोलण्याचा विषय आहे, पण ज्याला उद्देशून बोलावयाचे तो जागेवर नाही, ह्या अवस्थेत गाऱ्हाण्याच्या भाषेचे काय होते, हे येथे पाहावयास मिळते.

२. वस्तीचे थर

पुणे रेल्वे स्थानकापासून सुमारे १५ किलोमीटरवर, नगर रस्त्यालगत वसलेले वाघोली हे हवेली तालुक्यातील जुने गाव. वाघेश्वराचे मंदिर हे त्याचे दैवत, आणि शाहू महाराज व थोरले बाजीराव ह्यांच्या काळातील सेनानी पिलाजी जाधवराव ह्यांच्या घराण्याचे हे ठिकाण. गावाच्या नावातील ‘-ओली’ हा अंश ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती ह्या शब्दापासून आला असावा, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. बोरिवली, डोंबिवली ह्यांसारख्या नावांच्या शेवटाची उपपत्तीही अशीच लावतात. 

ह्या जुन्या थरावर दुसरा थर चढला तो दगडखाणींचा. पुण्यातील इमारतींना लागणारी खडी येथील टेकड्यांतून निघू लागली. खाणींवर राबण्यास वडार समाजातील व दुष्काळी भागांतील कुटुंबे आली. त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ ह्या संस्थेने ‘पाषाणशाळा’ चालविल्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाल्यावर तेथील मुलांच्या शिक्षणाची सोय भारतीय जैन संघटनेने पुण्यात केली; त्या कार्याचे संकुलही वाघोलीतच उभे राहिले. तिसरा थर गेल्या सुमारे दोन दशकांतील. खराडी व विमाननगर ह्या भागांत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या वाढल्या आणि तेथील नोकरदारांना परवडेल अशी घरे वाघोलीत उभी राहिली.

हे तीन थर स्थळनामांतही दिसतात. आव्हाळवाडी ह्या शेजारच्या वस्तीच्या नावात कुळाचे नाव आहे; केसनंद फाटा ह्या नावात रस्ता फुटण्याची खूण आहे; आणि नव्या गृहसंकुलांच्या नावांत ‘सिटी’, ‘रेसिडेन्सी’, ‘पार्क’ हे शब्द आहेत. पत्ता सांगताना माणूस ह्यांपैकी कोणते नाव आधी घेतो, यावरून तो कोणत्या थरातला, हे बहुधा कळते.

३. गाऱ्हाण्याची चार नावे

गाऱ्हाण्यासाठी मराठीत एकाहून अधिक शब्द आहेत आणि ते एकमेकांचे तंतोतंत पर्याय नाहीत. ‘गाऱ्हाणे’ हा शब्द संस्कृत ‘गर्हण’, म्हणजे दोष देणे, ह्याच्याशी जोडला जातो. पण मराठीत त्याला जवळिकीची छटा आली आहे. गाऱ्हाणे घालावयाचे ते देवापुढे, नाही तर घरच्या वडीलधाऱ्यापुढे. म्हणजे जो आपला आहे त्याच्यापुढे. ‘फिर्याद’ हा फारसी शब्द मुळात आक्रोशाचा. तो आता ठाण्याचा व न्यायालयाचा झाला. ‘अर्ज’ हा कचेरीत लेखी जातो. ‘तक्रार’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘पुनरावृत्ती’, तेच पुन्हा पुन्हा करणे वा म्हणणे. मराठीत हा अर्थ मागे पडला. तथापि एकाच खड्ड्याविषयी चौथ्यांदा पत्र लिहिणाऱ्या माणसाला तो अपरिचित वाटणार नाही.

वाघोलीतील स्थित्यंतराचे वर्णन ह्या शब्दांच्या आधारे करता येते. ग्रामपंचायतीच्या काळात ज्याला ‘गाऱ्हाणे’ म्हणता आले असते, ते महापालिकेच्या काळात ‘तक्रार’ झाले. विषय तोच राहिला. ऐकणाऱ्याशी असलेले नाते बदलले.

४. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’

आता वाक्यांकडे वळू. वाघोलीत, किंबहुना पुण्याच्या कोणत्याही वाढत्या उपनगरात, कोणत्याही दिवशी कानांवर येणारी वाक्ये पुढील धर्तीची असतात : ‘आज पाणी आलं नाही.’ ‘टँकर आला नाही.’ ‘रस्त्याला खड्डे पडलेत.’ ‘ड्रेनेज तुंबलंय.’ ‘चौकात पाणी साचतं.’ ‘काम रखडलंय.’ ‘फाईल अडकलीय.’

ह्या सर्व वाक्यांतील क्रियापदे अकर्मक आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना मराठीत सकर्मक वा प्रयोजक जोडीदार आहे : पडणे–पाडणे, तुंबणे–तुंबविणे, साचणे–साचविणे, रखडणे–रखडविणे, अडकणे–अडकविणे. अकर्मक रूपात वाक्याचा कर्ता खड्डा, पाणी, काम वा फाईल हा असतो. सकर्मक रूपात तेच शब्द कर्म होतात आणि ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘फाईल अडकली’ ह्या वाक्याला व्याकरणदृष्ट्या काहीही कमी नाही. ‘फाईल अडकविली’ हे वाक्य मात्र अडकविणाऱ्याचे नाव येईपर्यंत अपुरे वाटते. नाम व ‘होणे–करणे’ मिळून झालेल्या क्रियापदांची स्थिती हीच आहे : ‘दुर्लक्ष होते’ आणि ‘दुर्लक्ष करतात’, ‘अतिक्रमण झाले’ आणि ‘अतिक्रमण केले’.

ह्यावरून मराठी भाषाच जबाबदारी टाळणारी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मोरो केशव दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) ज्या प्रयोगविचाराला एवढे महत्त्व मिळाले आहे, तो विचारच सांगतो की कर्ता स्पष्ट करण्याची साधने मराठीत विपुल आहेत. ‘महापालिकेने रस्ता केला नाही’ हे वाक्य कोणीही सहज रचू शकतो. शिवाय अकर्मक वाक्य हे पहिले निवेदन म्हणून खरेही असते. नळ कोरडा असलेल्या माणसाला दिसते ते एवढेच की पाणी आले नाही. ते कोणी सोडले नाही, हे त्याला घरातून दिसत नाही. प्रश्न पुढे उद्भवतो. जे वाक्य पाहिलेल्या गोष्टीचे कथन म्हणून योग्य असते, तेच जसेच्या तसे अर्जात उतरते, आणि मागणीच्या जागी केवळ वर्णन राहते.

कर्ता सांगावयाचा, पण दोष सौम्य करावयाचा, अशा वेळी ‘-कडून’ ह्या शब्दयोगी अव्ययाचा उपयोग होतो. ‘त्यांच्याकडून काम होत नाही’ ह्या वाक्यात कर्त्याचा निर्देश आहे. परंतु ‘करीत नाहीत’ येथे जो इच्छेचा अभाव सुचतो, त्याऐवजी येथे सामर्थ्याचा अभाव सुचतो.

५. कचेरीचे उत्तर

नागरिकाच्या ह्या अकर्तृक वाक्याला कचेरीचे उत्तर येते तेही कर्त्यावाचूनच. ‘निविदा काढण्यात आली आहे.’ ‘पाहणी करण्यात येईल.’ ‘निधी उपलब्ध झाल्यानंतर काम हाती घेण्यात येईल.’ ‘-ण्यात येणे’ ही रचना आज शासकीय मराठीची ओळखच झाली आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनामे व परिभाषा सिद्ध केल्या आणि १९६४च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभारात स्थान दिले. हे कार्य मोठे होते. त्यातून प्रत्येक अधिकाऱ्यास मराठी नाव मिळाले. मात्र तो अधिकारी ज्या वाक्यात कर्ता म्हणून यावयाचा, त्या वाक्यातून त्याला वगळणारी रचनाही ह्याच व्यवहारात रूढ झाली.

अशा रीतीने एका बाजूस ‘झाले नाही’ आणि दुसऱ्या बाजूस ‘करण्यात येईल’ अशी वाक्ये एकमेकांसमोर येतात. दोन्ही शुद्ध असतात, दोन्ही सभ्य असतात, आणि दोहोंत माणूस नसतो. संवाद झाल्यासारखा वाटतो, परंतु बांधून कोणीच घेतलेले नसते.

६. संबोध्याचा अभाव

ऑक्सफर्डचे तत्त्ववेत्ते जे. एल. ऑस्टिन ह्यांची १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने भाषाभ्यासकांच्या परिचयाची आहेत. काही वाक्ये उच्चारणे म्हणजेच एक कृती करणे होय, आणि ती कृती सफल होण्यास ठरावीक परिस्थिती असावी लागते, हा त्यांतील गाभा. वचन देणे, आज्ञा करणे ह्यांप्रमाणे तक्रार करणे हीही कृती आहे. तिला दोष असावा लागतो, तो सांगणारा असावा लागतो, आणि तो दूर करण्याचा अधिकार असलेला ऐकणाराही असावा लागतो. शेवटची अट पुरी न झाल्यास वाक्य उरते, तक्रार होत नाही.

वाघोलीत ही अट कशी शिथिल झाली, हे घटनाक्रमावरून दिसेल. ३० जून २०२१ रोजीच्या अधिसूचनेने २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. वाघोली त्यांपैकी एक. महापालिकेचे क्षेत्र त्यामुळे ५०० चौरस किलोमीटरांहून अधिक झाले. ग्रामपंचायत संपली. जुलै २०२१ मध्ये ह्याच २३ गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. म्हणजे नागरी सोयी पुरवावयाच्या महापालिकेने आणि नियोजन पाहावयाचे प्राधिकरणाने, अशी विभागणी झाली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली व प्रशासकाचा कारभार सुरू झाला. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या साडेचार वर्षांत वाघोलीच्या मतदाराला स्वतः निवडून दिलेला सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. पोलीस ठाण्याची बाजूही अशीच बदलली : लोणीकंद ठाणे ग्रामीण पोलिसांकडून २०२१ मध्ये शहर आयुक्तालयाकडे आले आणि २०२४ मध्ये वाघोलीस स्वतंत्र ठाणे मिळाले. वीज महावितरणची, आणि नगर रस्ता महामार्ग असल्याने त्याच्याशी आणखी यंत्रणांचा संबंध.

ह्या काळात ‘प्रशासन’ हा शब्द बोलण्यात वारंवार येऊ लागला असल्यास नवल नाही. ‘प्रशासनाने लक्ष घालावे’ ह्या वाक्यात कर्ता आहे, पण त्याला चेहरा नाही. व्याकरणाची जागा भरलेली असते, व्यवहाराची रिकामीच राहते. त्यामुळे अकर्मक वाक्यांचा सुळसुळाट हा बोलणाऱ्याच्या मनाचा दुबळेपणा नसून परिस्थितीचे यथार्थ प्रतिबिंब आहे, असे म्हणणे अधिक युक्त होईल. ज्याचे नाव घ्यावयाचे तोच ठाऊक नसताना माणूस ‘खड्डा पडला’ असेच म्हणणार.

७. ग्रामपंचायतीची आठवण

‘पंचायत होती तेव्हा बरं होतं’ हा अभिप्राय समाविष्ट गावांत अपरिचित नाही. उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या दोन गावांनी तर महापालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद मिळविली (२०२४). हा अभिप्राय पारखून घेतला पाहिजे. ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेची तरतूद केली आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती ह्या दिवशी ती भरविण्याचा प्रघात आहे. तेथे गाऱ्हाणे तोंडावर सांगता येते आणि ऐकणारा ‘अण्णा’, ‘तात्या’, ‘दादा’ अशा नात्याच्या हाकेने ओळखीचा असतो.

परंतु त्या काळचे नमुनेदार वाक्य पाहावे : ‘तात्यांनी लाइन टाकून दिली.’ कर्ता येथे स्पष्ट आहे. पण क्रियापद ‘टाकली’ असे नसून ‘टाकून दिली’ असे आहे. ‘-ऊन देणे’ ह्या संयुक्त क्रियापदात कृतीचा लाभ दुसऱ्यास झाल्याचा, पर्यायाने उपकाराचा, अर्थ असतो. म्हणजे जेथे कर्ता सापडतो तेथे हक्काचे रूपांतर मेहेरबानीत होते. आणि ज्याची तात्यांशी ओळख नाही, त्याच्या दारी लाइन येतेच असे नाही. नव्या रहिवाशाचे वाक्य याच्या उलट टोकाचे असते : ‘एवढा टॅक्स भरतो, तरी सोय नाही.’ येथे उपकाराचा लवलेश नाही; नाते ग्राहक व पुरवठादार ह्यांचे आहे. मात्र ह्या तर्काने हक्क मिळतो तो भरणाऱ्यालाच. समाविष्ट गावांत महापालिकेच्या दराने होणारी कर-आकारणी टप्प्याटप्प्याने वाढत जाते; ‘कर महापालिकेचा, सोय ग्रामपंचायतीची’ ह्या धर्तीची तक्रार त्यातून येते, आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

८. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’मधून ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो समाविष्ट होतो. हिंदीत असा नेमका भेद नाही. तेथे ‘हम’ वा ‘हम लोग’ ह्यांनी दोन्ही कामे होतात. हा भेद व्याकरणाच्या पुस्तकात लहानसा दिसतो, पण वस्तीच्या सभेत तो निर्णायक असतो. ‘आम्ही इथले मूळचे’ असे गावकरी म्हणतो आणि ‘आम्ही सोसायटीवाले’ असे सदनिकाधारक म्हणतो, तेव्हा दोघांनीही समोरच्याला बाजूस ठेवलेले असते. ‘आपण वाघोलीकर’ हे वाक्य उच्चारले गेले की निराळीच सीमा आखली जाते. अनेक गृहसंकुलांत परप्रांतीय रहिवासी असल्याने सभेची भाषा हिंदी वा इंग्रजी होते, आणि मग कोणास धरले व कोणास वगळले, हे सर्वनामावरून कळेनासे होते. ते संदर्भावर सोडावे लागते.

रामवाडीपर्यंतचा मेट्रोमार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. तो वाघोली–विठ्ठलवाडीपर्यंत वाढविण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी मान्यता दिली. नगर रस्त्यावरील कोंडी हा विषय गावकरी व सोसायटीवाले दोघांनाही सारखाच जाचतो. ‘आपली मेट्रो’ हा शब्दप्रयोग त्यांना एकत्र आणू शकेल. पण ‘आपण’चा विस्तार येथे संपत नाही, हे पुढील घटनेवरून ध्यानात येईल.

२३ डिसेंबर २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर वाघोलीत केसनंद फाट्याजवळ, पदपथावर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर डंपर चढला. तिघे मरण पावले. त्यांपैकी दोन अगदी लहान मुले होती. सहाजण जखमी झाले. ही कुटुंबे अमरावती जिल्ह्यातून कामाच्या शोधात आली होती. ‘डंपरने चिरडले’ अशा धर्तीची वाक्ये त्या वेळी सर्वत्र लिहिली गेली. कर्त्याच्या जागी वाहन आले. चालकास अटक झाली आणि जड वाहनांच्या वेळा व मद्यपान करून वाहन चालविणे ह्यांवर चर्चाही झाली. परंतु भाषाव्यवहाराच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या रात्रीपूर्वी ह्या कुटुंबांचे कोणतेही वाक्य वाघोलीच्या गाऱ्हाण्यांत धरले जाण्यासारखे नव्हते. त्यांना ना तात्यांची ओळख, ना टॅक्सची पावती, ना येथील मत. पदपथ हा इतरांच्या तक्रारीत अतिक्रमणाचा विषय असतो. ह्यांच्या दृष्टीने ती निजण्याची जागा होती. ज्या इमारतींच्या रहिवाशांनी ‘आम्ही’ म्हणावयाचे, त्या इमारती उभारणारे हात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्या दोन्ही वर्तुळांच्या बाहेर राहतात.

९. कायद्याचे वाक्य

कर्ता वाक्यात परत आणता येतो काय? ह्याचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते केंद्र व राज्य ह्या दोहोंच्या विधिव्यवहारातच सापडते. २००५च्या माहिती अधिकार अधिनियमाने प्रत्येक कार्यालयात ‘जन माहिती अधिकारी’ नेमावयास लावला. माहिती देण्यास ३० दिवसांची मुदत घातली. आणि योग्य कारणावाचून ती टाळल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, असा दंड त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसविण्याची तरतूद केली. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी ‘पदनिर्देशित अधिकारी’ ही संज्ञा आणली. भाषिक दृष्टीने पाहिल्यास ह्या कायद्यांनी केले ते एवढेच : ‘-ण्यात येईल’ ह्या रचनेत गळालेला कर्ता त्यांनी नावानिशी व मुदतीनिशी परत बसविला. ‘माहिती देण्यात येईल’ याऐवजी ‘अमुक अधिकारी अमुक दिवसांत माहिती देईल’ असे वाक्य सिद्ध झाले.

हाच धडा अर्ज लिहिणाऱ्यासही घेता येईल. ‘आमच्या भागात रस्ता झालेला नाही, तरी लक्ष घालावे’ ह्या वाक्याला उत्तर देणे सोपे असते, कारण त्यात विचारलेले काहीच नसते. ‘ह्या रस्त्याचे काम कोणत्या कार्यालयाकडे आहे, कोणत्या अधिकाऱ्याकडे सोपविले आहे व ते कोणत्या तारखेपर्यंत पुरे करावयाचे आहे’ ह्या वाक्यात तीन रिकाम्या जागा आहेत, आणि त्या भरल्यावाचून उत्तर पुरे होत नाही.

१०. उपसंहार

वरील विवेचनातून एवढे निष्पन्न होते की, वाघोलीच्या गाऱ्हाण्यांतील कर्त्याचा लोप हा मराठीच्या स्वभावाचा दोष नसून अधिकार विखुरलेल्या व प्रतिनिधित्व थांबलेल्या काळाची खूण आहे. जुन्या व्यवस्थेत कर्ता सापडत असे तो उपकारकर्त्याच्या रूपात. नव्या व्यवस्थेत तो सापडावयाचा आहे तो उत्तरदायी म्हणून. जानेवारी २०२६ नंतर वाघोलीस पुन्हा निवडून दिलेला संबोध्य मिळाला आहे. आता ‘झाले नाही’च्या जागी ‘केले नाही’ किती वेळा येते, ‘टाकून दिली’ची जागा ‘टाकली’ घेते काय, आणि सभांतून ‘आपण’ कोणाकोणास उद्देशून म्हटले जाते, ह्यांच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांस अभ्यासाचे चांगले क्षेत्र उपलब्ध होईल. १९६०च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी मराठीच्या बोलींची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत स्थिर वस्त्यांतील बोलींचे वर्णन आहे. वाढत्या उपनगरात रोज बदलणाऱ्या भाषाव्यवहाराची पाहणी तिला जोड म्हणून हवी.

अशा पाहणीत एक दक्षता मात्र आवश्यक आहे. नमुने गोळा करावयाचे ते केवळ ग्रामसभेच्या पारावर व सोसायटीच्या कार्यालयात नव्हेत. खाणीवर, मजूर अड्ड्यावर आणि पदपथावरही ते गोळा केले पाहिजेत. अन्यथा पाहणीतील ‘आपण’ हेही वस्तीतील ‘आपण’इतकेच अपुरे ठरेल.